आवाज खोटा शे

आमच्या शेजारचे सुकलालनाना कलिंगड वाजवतात, कानाशी धरतात आणि खोटा आहे म्हणून विक्रेत्याला परत देतात, त्यांच्या अहिराणीत: "आवाज खोटा शे." नव्या कुकरची शिट्टी, लग्नातला बँड, आमच्या दाराची बेल, सगळ्यांना हाच शेरा. बेल मी दोनदा बदलली. शेवटी नाना कडीच वाजवू लागले.

काही वर्षांपूर्वी धुळ्याजवळच्या त्यांच्या गावात एका विनोदी सिनेमाचं शूटिंग झालं. घरच्यांना न सांगता पळालेलं जोडपं मिरचीच्या टेम्पोत लपतं आणि शिंकून शिंकून पकडलं जातं, अशी गोष्ट. त्यात नानांच्या बायकोला, शांताअक्कांना, एक वाक्य मिळालं. पळायला निघालेल्या नायकाला दारात अडवून त्या म्हणतात, "पोऱ्या, भाकर खाई ले, मंग पयी जाय."

सिनेमा आला तेव्हा तोंड अक्कांचं आणि आवाज शहरातल्या कुणा बाईचा होता. "बाळा, जेवून घे, मग पळून जा." अक्का पोट धरून हसल्या. नाना हसले नाहीत.

पुढे अक्का गेल्या. घरात त्यांचे फोटो आहेत. आवाज कुठेच नाही. सिनेमा टीव्हीवर लागला की त्या प्रसंगाला नाना आवाज बंद करतात आणि ते वाक्य स्वतः म्हणतात. भिंतीपलीकडून ऐकून मलाही ते पाठ झालं.

यंदा कॉलनीच्या मैदानात तोच सिनेमा दाखवायचं ठरलं. कामांची यादी अर्थातच माझ्याकडे: खुर्च्या, पडदा, चिवडा, नानांना रिमोटपासून लांब बसवणे.

सुरू व्हायच्या आधी नाना जवळ आले. "ताई, तेवढं वाक्य बंद करशात का?"

"नाना, लोक हसायला आलेत. एका वाक्यानं काय बिघडतं?"

"सपनमा ती येस, ताई. पन आवाज त्या बाईना येस."

स्वप्नातही अक्कांच्या तोंडी त्या शहरातल्या बाईचा आवाज. मी रिमोट माझ्याच हातात ठेवला.

प्रसंग आला, मी आवाज बंद केला. मागून ओरडा झाला, "ओ ताई, आवाज गेला!" पडद्यावर अक्कांचे ओठ हलले. नानांनी "पोऱ्या" एवढं म्हटलं आणि उपरणं तोंडाशी धरलं.

मी सिनेमा थोडा मागे नेला. या वेळी मीच मोठ्यानं म्हणाले, "पोऱ्या, भाकर खाई ले, मंग पयी जाय."

सगळं मैदान हसलं. मी नानांच्या शेऱ्याची वाट पाहत होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"'भाकर' थोडं ओढीसन म्हना, ताई. ती तशी म्हने. परत लावा."