दौलतकाकाजींच्या नव्या रिंगा

दौलतकाकाजींच्या गाडीला बैलबंडीनं ओव्हरटेक केलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पाहिलं कसलं, मी त्या गाडीतच बसलो होतो. मोहाडीच्या बाजाराचा दिवस. बंडीवाल्यानं जाता जाता विचारलं, "काकाजी, डिझेल सपलं का?"

काकाजींनी गाडी आणखी कडेला घेतली. मला म्हणाले, "जाऊ दे त्याले. तिचा जीव नवा हाय."

तिचा म्हणजे गाडीचा. काकाजी माझे शेजारी. कापडाचं दुकान पुतण्याच्या हवाली करून मोकळे झालेले. त्यांची ती जुनी टर्बो डिझेल जीप काकीजी गेल्यापासून कडुलिंबाखाली उभी होती. एअर फिल्टरमध्ये उंदराचा संसार मांडला गेला, इंजिन जाम झालं. सगळे म्हणाले, भंगारात द्या. काकाजींनी ती ओढत भंडाऱ्याला नेली आणि इस्माईलभाई मिस्त्रीकडून पिस्टन-रिंगांपासून अख्खं इंजिन नवं करून आणलं.

तेव्हापासून गाडीचं बाळंतपण सुरू झालं. सुरू करण्याआधी ते बॉनेटवर हात फिरवत. चौथा गिअर कंपनीनं केवळ दिखाव्यासाठी दिला आहे, असं त्यांचं ठाम मत. खड्डा आला की स्टिअरिंग धरून सीटवरून चार बोटं वर उठत. "काहून?" मी एकदा विचारलं. "तिच्यावरचं वजन कमी होते ना! तूबी ऊठ." मीही उठू लागलो.

त्यांची मुलगी मंदाताई रायपूरला असतात. मंदाताईंचा फोन आला की काकाजी स्पीकर लावून बोलत, त्यामुळे ते बोलणं आमच्या घरालाही पाठ होतं.

"बाबा, कधी येऊन राहिले?"

"येतो ना माय! गाडी थोडी मोकळी झाली का निघालोच."

पण गाडी मोकळी होण्याऐवजी दिवसेंदिवस खंगतच चालली. सकाळी सुरू व्हायला कुरकुर करी. ऑइल पिऊ लागली. निळा धूर एवढा, की जीपचा आवाज आला की माझी बायको दोरीवरचे कपडे काढायला धावे. काकाजींनी आधी डिझेलवर संशय घेतला, मग बॅटरीवर, शेवटी माझ्यावर. "तू लय टक लावून पायते तिच्याकडं." गाडीला लिंबू-मिरची मलाच बांधावी लागली.

तरी धूर थांबेना, तेव्हा आम्ही इस्माईलभाईकडे गेलो. त्यांना ही तक्रार म्हणजे अपमान वाटला. "मेरे हाथ का इंजन है, काकाजी!" असं म्हणत त्यांनी हीटर प्लग काढले, त्या भोकात सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशनचं मीटर बसवलं आणि सेल्फ मारला. काटा निम्म्यावर जाऊन थकला. चारही सिलिंडरला तीच गत.

"एक कमजोर असता तर व्हॉल्व्हचं म्हटलं असतं," ते पुटपुटले. "चारही सारखेच?"

मग प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडून पुन्हा सेल्फ मारला. आता काटा टुणकन वर गेला.

"तेलानं फट भरली. म्हणजे हवा रिंगांतून निसटते. पण रिंगा तर मीच नव्या टाकल्या!" इस्माईलभाई एका टायरवर बसले. मग म्हणाले, "काकाजी, तुमी गाडी चालवता कशी?"

काकाजी बॉनेटवर हात फिरवू लागले. मग मीच सगळं सांगितलं. बंडी, चौथा गिअर, सीटवरून उठणं. काकाजी माझ्याकडे खाऊ का गिळू असं पाहत होते.

इस्माईलभाई पोट धरून हसले. "नवी रिंग घासूनच बसते, काकाजी. इंजिनवर जोर आला, आतला दाब वाढला, तवा ते सिलिंडरले चिकटते. तुमी जोर येऊच नाई देल्ला. टर्बोनं तर अजून डोळाच नाई उघडला. लाडानं बिघडली हे. माल भरा, लांब जा, चढावर दाबा. अजून वेळ गेली नसन तर बसतीन रिंगा."

"लांब म्हणजे कुठं?"

"कुठंबी. रायपूरले जा."

मला आनंद झाला. काकाजींचा चेहरा मात्र उतरला.

तांदळाची पोती भरून आम्ही एका सकाळी निघालो. साकोली मागं पडली. पुढं चढ लागला तशी गाडी रांगायला लागली. मागून ट्रक भोंगे मारत होते. "दाबा, काकाजी," मी म्हणालो. त्यांनी जीप कडेला घेतली आणि थांबवली.

"गाडी नाई भेत रे," ते म्हणाले. "मीच भेतो."

"कायले?"

"मंदाच्या घरी मी एकटा कधी गेलोच नाई. मी पुढं, तुही काकी मांगं. चपला काढाले तिले वेळ लागे. आता पोरगी दार उघडन आन माह्या मांगं पाईन. माहीत असलं तरी माणूस पायतेच. तवा मी तिले काय दाखवू?"

आणखी एक ट्रक भोंगा मारत पुढं गेला.  मग त्यांनी गिअर टाकला आणि पाय दाबला. इंजिन कण्हलं, काळा धूर ओकलं, आणि खालून एक बारीक शीळ चढत गेली.

"हे कोन बोललं?"

"टर्बो, काकाजी."

ते हसले. डोळे पुसले नाहीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. रायपूर येईपर्यंत धूर विरळ झाला होता आणि काकाजी चौथ्या गिअरमध्ये होते.

मंदाताईंनी दार उघडलं. त्यांनी मागं पाहिलं नाही, बाबांकडेच पाहत राहिल्या. काकाजीच चपला काढून उंबऱ्याशी थोडे बाजूला सरकले आणि थांबले, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसे.

मी पोतं घेऊन खालच्या पायरीवर उभा राहिलो. त्या वाटेनं आत जायचं मला धाडस झालं नाही.

मंदाताई बाहेर आल्या. काकाजींनी सोडलेल्या जागेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाबांचा हात धरला.

"चला ना बाबा," त्या म्हणाल्या. "भात गरम हाय."