मावशींची खोली आणि इतर शहरांचे नियम

“वरची खोली कुलपात ठेवू नकोस. दवाखान्यासमोर घर आहे आपलं, कुणाला ना कुणाला पाठ टेकायला जागा लागतेच,” असं मावशींचे यजमान वारण्यापूर्वी सांगून गेले होते. मावशींनी ते पाळलं. रुग्णांचे नातेवाईक येत, चार दिवस राहत, जमेल ते भाडं देत आणि चादरींच्या घड्या घालून जात. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि नगरपालिकेच्या मते हीच गंभीर बाब होती.

अल्पमुदतीच्या भाड्याच्या खोल्यांना आपल्या शहरात नियमच नाहीत, हे एका बैठकीत उघडकीस आलं. नियम करायचे तर विचार करावा लागतो. त्यापेक्षा इतर शहरांत माणूस पाठवून तिथल्या नियमांची तुलना करावी, असं ठरलं. त्यासाठी एक तुलना अधिकारी नेमण्यात आला. त्याची पद्धत सरळ होती. प्रत्येक शहराचा सर्वांत कडक नियम उचलायचा आणि आपल्याकडे लावायचा. सौम्य नियम उचलला तर उद्या कुणी विचारेल, का उचलला? कडक नियमाबद्दल असं आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

एका सकाळी तो मावशींच्या दारात उभा राहिला.

“मावशी, पाहुणा असताना मालकाने घरातच राहायला हवं. एका शहराचा नियम आहे.”

“राहतेच की मी खाली.”

“पण दुसऱ्या शहरात, पाहुण्याला मोकळेपणा मिळावा म्हणून, मालकाने घरात असता कामा नये.”

मावशी विचारात पडल्या. “मग मी जिन्यात बसू का?”

“जिना चाललाही असता. पण तिसऱ्या शहरात जिना रिकामा ठेवावा लागतो. आगीसाठी.”

“आगीला वर जायला?”

“तसं स्पष्ट केलेलं नाही.”

मुक्कामाचंही तसंच. एका शहराला महिन्याहून कमी मुक्काम चालत नव्हता, दुसऱ्याला आठवड्याहून जास्त. दोन्ही नियम कडक, म्हणून दोन्ही घेतले. आता पाहुण्याने किमान महिनाभर राहायचं होतं आणि आठवड्याच्या आत निघायचं होतं.

“आणि मी पैसेच घेतले नाहीत तर?”

“चौथं शहर त्याला अनुचित स्पर्धा म्हणतं. लॉजवाल्यांचं नुकसान होतं.”

“अहो, लॉज परवडत नाही म्हणूनच तर माणसं माझ्याकडे येतात.”

“तेच तर नुकसान.”

मावशींनी त्याला पाणी दिलं. “एवढी शहरं फिरता, तुम्ही उतरता कुठे?”

“असते एखादी बाई. घरातली खोली देते. स्वच्छ, स्वस्त.” त्याने आवाज खाली आणला. “नोंदणी नाही तिची.”

“मग तुमच्या अहवालात लिहिलंत का ते?”

“मावशी, पुन्हा उतरायचं असतं हो तिथे.”

जाताना त्याने बजावलं, की परवान्याशिवाय पाहुणा सापडला तर खोली कायमची सील होईल. परवाना कुणाला मिळेल, असं विचारल्यावर सर्व अटी पूर्ण करणाऱ्याला, असं उत्तर मिळालं.

मावशींचा जीव अडकला होता तो विणकरबाईंपाशी. दूरच्या गावची ही बाई नवऱ्याच्या तपासण्यांसाठी नेहमी वरच्या खोलीत उतरायची. “ऑपरेशन ठरलं की या. खोली तुमचीच,” असा शब्द मावशींनी तिला दिला होता. त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

“मावशी, सोमवारी येतोय. खोली आहे ना?”

 मावशी म्हणाल्या, “आहे. मी स्टँडवर येते घ्यायला.”

दरम्यान नागरिकांची सुनावणी झाली. शेजारचे निवृत्त गुरुजी सर्वांत आधी उठले. गल्लीत अनोळखी माणसं दिसतात, आणि ती अनोळखीच असतात, ही त्यांची तक्रार होती. खोल्या बंद कराव्यात म्हणून सगळ्या सभागृहाने हात वर केले. तुलनेचा तक्ता पूर्ण व्हावा म्हणून अधिकाऱ्याने विचारलं, की परगावी गेल्यावर आपण कुठे उतरता. अशाच खोल्यांत, असं सगळ्यांनी प्रांजळपणे सांगितलं.

“सुनेचं घर लहान पडतं हो,” गुरुजी म्हणाले. “शिवाय ते शहर वेगळं.”

अधिकाऱ्याने तक्ता पुन्हा पाहिला. सर्व शहरांत समान असा एकच नियम निघाला: खोल्या असाव्यात, पण इतर शहरांत. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

सोमवारी सकाळी मावशी बाहेर पडल्या, तर गुरुजी बॅग घेऊन फाटकाशी उभे.

“कुठे निघालात, वहिनी?”

“स्टँडवर. विणकरबाई येतायत. उद्या ऑपरेशन आहे.”

“परवाना मिळाला?”

“नाही.”

“अहो, खोली सील होईल.”

“होईल. आजच्या दिवस नाही होणार. तुलनेचे साहेब दौऱ्यावर आहेत.”

गुरुजींनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. “मीही निघालोय, सुनेच्या गावी. तिथे एक घरगुती खोली मिळालीय. कुणाला बोलू नका.”

“नाही बोलणार.”

गुरुजींना हसण्याची घाई आपण करू नये. सभागृहात वर झालेल्या हातांत आपलाही एक होता. येत्या सुट्टीसाठी आपण जी स्वस्त, स्वच्छ खोली हेरून ठेवली आहे, तिच्या मालकिणीला सध्या कुठल्या जिन्यात बसवलंय, हेही आपण विचारलेलं नाही.

मावशींनी पदर सारखा केला, रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आणि त्या स्टँडच्या दिशेने चालू लागल्या.