मामा पडद्यावर

काष्टीला विष्णुपंतांच्या मंगल कार्यालयात आजवर प्रत्येक लग्न आरडाओरड्यानेच लागत आलं होतं. "लाइट बंद कर!", "सनई लाव रे!", "माईक कुणी नेला?" या गदारोळात भटजींचा आवाज कुठल्या कुठे जायचा. म्हणून विष्णुपंतांच्या पुतणीने, देवश्रीने, पुण्याची नोकरी सोडून इथे नवं यंत्र बसवलं. कॅमेरे, माईक, दिवे, स्टेजमागचा मोठा पडदा, सगळ्यांची दोरी एका पेटीत. पण तिला खरा अभिमान होता तो तिच्या मॅक्रोंचा. रेकॉर्ड दाबायचं, एकेक हुकूम द्यायचा. यंत्र ते सगळे पाठ करतं आणि पुढे एका बटणावर क्रमाने बजावतं.

"पहिल्याच लग्नात फजिती झाली," विष्णुपंतांनी बजावलं होतं, "तर ही पेटी काढायची आणि तू पुण्याला परत जायचं. कळलं?"

लग्नाच्या सकाळी देवश्री 'मंगलाष्टक' बटण तयार करत होती. दिवे मंद केले, सनई लावली, तेवढ्यात काका आले.

"पंगतीच्या हॉलमध्येही कॅमेरा आहे म्हणे? दाखव बरं."

देवश्रीने मोठ्या ऐटीत तो हॉल पडद्यावर आणला.

"आता जिलबीची परात दाखव. अजून जवळ. अजून! वा, पाकसुद्धा दिसतोय!"

काकांच्या तोंडून 'वा' ऐकायची तिला सवय नव्हती. त्या आनंदात रेकॉर्ड चालूच आहे हे ती साफ विसरली. तिने पुढे नवरानवरीचा कॅमेरा लावून बटण पूर्ण केलं. एकदा चालवून बघणार, तर दारात वऱ्हाड हजर.

मुहूर्त जवळ आला. नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहिल्याशिवाय अंतरपाट धरणार कसा? आणि हनुमंतमामांचाच पत्ता नव्हता. शेवटी नवरदेवाच्या वडिलांनी त्यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून माईकजवळ धरला.

"देवश्री, तू दिवे-सनई सुरू कर," विष्णुपंत घाईने म्हणाले. "मामा येतील तोवर."

तिने बटण दाबलं. दिवे मंद झाले, सनई सुरू झाली, आणि पडद्यावर पंगतीचा हॉल आला. मग जिलबीची परात. मग अजून जवळून परात, आणि परातीवर ओणवे झालेले हनुमंतमामा. एका हातात जिलबी, दुसऱ्या हातात फोन.

"ह्यो काय, स्टेजपाशीच हाय की!" माईकमधून मामांचा भरल्या तोंडाचा आवाज आला. "लई गर्दी हाय, तुमाला दिसना व्हय?"

सगळा मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. देवश्रीने डोळे मिटून घेतले. तिला स्वारगेटचं स्टँड दिसू लागलं होतं.

पण दोन पोरं धावली, मामांना धरून आणलं आणि लग्न चक्क मुहूर्तावर लागलं. या कार्यालयात असं कधी घडलं नव्हतं. अक्षता पडताच विष्णुपंतांनी माईक हातात घेतला. "हरवलेला माणूस शोधणारं हे यंत्र आमच्या देवश्रीनं बसवलंय!"

"काका, ती माझी चूक..." ती कुजबुजली.

"गप्प बस. टाळ्या ऐक."

देवश्रीने टाळ्या ऐकल्या. तिची मान आपोआप ताठ झाली. ती चूकसुद्धा मॅक्रोने किती बिनचूक बजावली होती! जेवणं उरकल्यावर हनुमंतमामा रुमालाने तोंड पुसत तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, वैशाखात आमच्या पोरीचं लगीन हाय. हितंच करनार."

"मामा, माफ करा. ते जिलबीचं मी आजच काढून टाकते."

"आवं, काढता कशाला?" मामा तिच्या कानाशी वाकले. "त्या लग्नात मामा म्हनून माझा मेव्हना हाय!"