कुमुदताईंचा अंतरा

एका जंगलात एक पियानो राहत होता. तो तिथे कसा आला, असं विचारू नका. गोष्टीतला वाघ बोलायला लागला की तुम्ही काही विचारत नाही, मग बिचाऱ्या पियानोनेच तुमचं काय घोडं मारलंय? पुरात वाहत आला म्हणा आणि गप्प बसा.

तर त्या पियानोवर एकदा एक खेकडा चढला. खेकडा आडवा चालतो, एवढं तरी तुम्हाला ठाऊक असेल. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा चालत गेला आणि सा रे ग म प ध नि सा असे सूर ओळीने वाजले. परत आला तर तेच उलटे वाजले. सगळं जंगल थक्क झालं. खेकडाही थक्क झाला होता, पण त्याने तसं दाखवलं नाही. त्याच दिवशी तो शिक्षक झाला.

पियानोवर पाटी लागली. 'खेकडे सरांचा पियानो व गायन वर्ग. सर्व वयांसाठी. खाजगी शिकवणी.'

खाजगी का, तर दोघांना एकत्र बसवलं की तास संपताना एकच विद्यार्थी उरायचा. तोही तृप्त होऊन झोपलेला. म्हणून सरांनी एका वेळी एकालाच शिकवायचं ठरवलं.

सरांची पद्धत कडक होती. पियानो वाजवायचा तर आडवंच चालायचं. माकडं आडवी चालली, रानडुकरं आडवी चालली. हत्तीच्या बाळाने एक पाय ठेवला तर निम्मे सूर एकदम वाजले. सर म्हणाले, "शाब्बास! पुढच्या वर्षीचाही अभ्यास झाला." हत्तीणबाई ही गोष्ट पाणवठ्यावर येईल त्याला सांगू लागल्या.

या वर्गात कुमुदताई नावाची एक भेकर गाणं शिकायला येई. भेकर म्हणजे छोटंसं हरीण. वाघ दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं आणि ते ऐकून बाकीचे पळतात. कुमुदताईंनी जन्मभर हेच केलं. आता त्यांचं वय झालं होतं. पोरं पलीकडच्या जंगलात स्थायिक झाली होती. दुपारचा वेळ जाता जात नव्हता.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "या वयात गाणं का शिकावंसं वाटलं, ताई?"

"सर, मी तोंड उघडलं की सगळे पळून जातात हो," कुमुदताई म्हणाल्या. "एकदा तरी कुणीतरी बसून ऐकावं, एवढीच इच्छा आहे. शेवटपर्यंत बसून."

त्यांनी मन लावून रियाझ केला. भूप रागातली एकच चीज घोटली. चिजेचे दोन भाग असतात. आधी अस्थायी, मग अंतरा. अस्थायी सगळ्यांनाच येते. कुमुदताईंचा जीव होता अंतऱ्यात. तिथे सूर वर चढायचा, आणि चढला की त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू यायचा नाही.

मग आली गुरुपौर्णिमा. गुरुपौर्णिमेला वर्गाचा कार्यक्रम होतो, त्यात सगळे विद्यार्थी गातात आणि सगळ्यांचे आईबाप येतात. म्हणजे एकत्र येतात. म्हणजे पंचाईत. सरांनी नियम केला, की कार्यक्रम चालू असेपर्यंत कुणी कुणाला खायचं नाही. आभारप्रदर्शन झालं की नेहमीचे नियम लागू.

प्रमुख पाहुणे म्हणून वाघसाहेबांना बोलावलं. दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर वाघसाहेबांना वाईट वाटलं असतं, आणि त्यांना वाईट वाटलं की त्यांना भूक लागते.

वाघसाहेबांनी सरांना एकच प्रश्न विचारला. "शेवटी कोण गाणार आहे?"

"कुमुदताई. ज्येष्ठ विद्यार्थी शेवटीच असतात, साहेब."

"वा," वाघसाहेब मिशीवरून जीभ फिरवत म्हणाले. "मी शेवटपर्यंत बसेन."

सर धावत, अर्थात आडवे धावत, कुमुदताईंकडे गेले. "ताई, नंबर बदलून घ्या. मी तुम्हाला पहिलं घालतो."

"का हो?"

"वाघसाहेब शेवटपर्यंत बसणार आहेत."

कुमुदताईंचे डोळे चमकले. "शेवटपर्यंत? असं स्वतः म्हणाले?"

"अहो ताई, ते तुम्हाला खाणार आहेत!"

"गाणं झाल्यावर ना?"

"हो, आभार झाल्यावर."

"मग मला शेवटचाच नंबर राहू द्या," कुमुदताई म्हणाल्या आणि रियाझाला बसल्या.

तुम्हाला वाटेल, किती वेडी बाई. तुमचं गाणं कुणी अर्धवट सोडून गेलं नसेल, म्हणून तुम्हाला तसं वाटतं.

कार्यक्रम सकाळी सुरू झाला. मैदान खच्चून भरलं होतं. आधी माकडाच्या पोराचं झालं. टाळ्या पडल्या आणि माकडांचं सगळं खानदान उठून गेलं. मग रानडुकराच्या पिल्लांचं समूहगान झालं आणि अर्धं मैदान रिकामं झालं. हत्तीचं बाळ वाजवून उतरलं तशी हत्तीण म्हणाली, "चला, बाळाच्या झोपेची वेळ झाली." बाळ म्हणालं, "मला झोप नाही आलीये." हत्तिणीने त्याला सोंडेने उचललं आणि नेलं. जो तो आपल्या पोराचं ऐकून उठत होता. गाणी संपत गेली तशी माणसं, म्हणजे जनावरं, संपत गेली.

कुमुदताई पुढे आल्या तेव्हा मैदानात एकटे वाघसाहेब उरले होते. शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसलेले.

कुमुदताईंनी त्यांना नमस्कार केला, डोळे मिटले आणि सूर लावला. सर पियानोवर साथीला चालू लागले.

सुरुवातीला आवाज जरा थरथरला. मग स्थिर झाला. मला विचाराल तर फार छान गात होत्या. मी गोष्ट सांगणारा आहे, मला खोटं बोलायची सवय आहे, पण हे खरं आहे.

वाघसाहेबांनी आधी मान डोलावली. मग शेपटी डोलावली. मग जांभई दिली, ती पंजाने झाकली, उन्हाकडे पाहिलं, आणि सर चालत चालत जवळच्या टोकाला आले तेव्हा हळूच विचारलं, "अजून किती आहे?"

"अस्थायी झाली, साहेब. आता अंतरा."

"मोठा असतो?"

"घोळवून घोळवून म्हणतात."

वाघसाहेब उठले. "मला जरा नदीपलीकडे एका उद्घाटनाला जायचंय."

"पण साहेब, ताईंना खायचं होतं ना?"

"पार्सल मिळेल का?"

"आभार झाल्याशिवाय नाही देता येत, साहेब. नियम आहे."

"मग राहू दे. पुन्हा कधीतरी." वाघसाहेबांनी नारळ काखेत मारला आणि मागच्या लोकांना त्रास नको म्हणून वाकून, चवड्यांवर चालत ते निघून गेले. मागे कुणीच नव्हतं.

कुमुदताईंनी अंतरा म्हटला. सूर वर चढला, तिथे राहिला, आणि सावकाश खाली आला. मग त्यांनी डोळे उघडले.

रिकाम्या मैदानाकडे बघून त्यांनी विचारलं, "कधी गेले?"

"अंतरा सुरू होताना," सर म्हणाले.

कुमुदताई रडू लागल्या. "खाल्लं असतं तरी चाललं असतं हो, सर. पण ऐकून खायचं ना!"

सरांनाही भरून आलं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून ते म्हणाले, "मी ऐकलं ना, ताई. धैवत किंचित उतरला होता."

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल अभिनंदनाला आलं. वाघाच्या तावडीतून सुटलेली बाई! "गाणं छान झालं म्हणे," हत्तीण म्हणाली. "आमच्या बाळालाही तेच शिकवा, वाघ उठून जातो ते." वर्गात जागा उरली नाही. सगळे तोच अंतरा शिकू लागले आणि वाघसाहेब वाळू लागले.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी तोच अंतरा म्हटला आणि आपापला म्हणून झाल्यावर सगळे घरी गेले. शेवटचा नंबर रानडुकराच्या धाकट्याचा होता. त्याचे आईबाप थोरल्याचं ऐकून निघून गेले होते. कुमुदताई मात्र पहिल्या रांगेत बसून राहिल्या. पोरगं बेसूर गात होतं. त्यांनी ते सगळं ऐकलं, अगदी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "बाळा, अंतरा सुंदर झाला हो." पोरगं खूश होऊन उड्या मारत पळालं.

सरांनी आभार मानले.

वाघसाहेब त्या वर्षी दुसरा कार्यक्रम आटोपून उशिरा आले होते. नेमके आभाराला पोचले.

तात्पर्य: संगीत सर्व वयांत शिकावं आणि खुशाल गावं. गाणाऱ्याला वाघ खात नाही. तो शेवटपर्यंत ऐकत बसणाऱ्याला खातो. मुलांनो, तुम्ही ही गोष्ट इथपर्यंत ऐकलीत. जरा मागे वळून बघा.