चुन्याच्या रेषेवरचा प्रफुल

सत्संगाचा महिमा संतांनी पदोपदी गायिला आहे. परंतु एकेचाळीस वर्षांच्या ब्रह्मचाऱ्याने कबड्डीच्या कोणत्या संघाची संगत धरावी, याविषयी एकाही अभंगात मार्गदर्शन नाही. त्यामुळे नागभीडजवळच्या एका गावात, मंडईच्या म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी, प्रफुल नावाच्या सज्जन गृहस्थाची (गृहस्थ केवळ आदरार्थी, घरात गृहिणी नव्हती) जी फजिती झाली, तिचा थोडा दोष आपल्या पोथ्यांकडेही जातो.

मंडईला तिथे विवाहित विरुद्ध अविवाहित असा कबड्डीचा सामना होतो. ग्रामपंचायतीत लिपिक असलेला प्रफुल वीस वर्षे अविवाहितांकडून इमानाने खेळला. यंदा त्यांचा तरुण कर्णधार स्वप्निल हात जोडून म्हणाला, "काका, आता पुरे. चढाईले तुम्ही निघता, अन् आवाज गुडघ्याचा येते."

विवाहितांचा एक गडी धानकापणीत कंबर धरून बसला होता. त्यांचा कर्णधार गोविंदा म्हणाला, "आमच्याकडे येऊन जा. फक्त मॅचच्या आधी बायकोनं ओवाळलं पायजे, असा रिवाज हाये. कोणी ओवाळणारी पाहून घे."

प्रफुलच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहिली. नीलिमा! शाळासोबतीण, आता गावच्याच शाळेत क्रीडाशिक्षिका. सात वर्षांपूर्वी घटस्फोट घेऊन, तान्ह्या लेकीला, डिंपलला कडेवर घेऊन ती माहेरी परतली. तेव्हापासून रोज सायंकाळी तलावाकाठी ती मुलींना कबड्डी शिकवी आणि प्रफुल चुन्याने मैदान आखून देई. सात वर्षांत त्याने पोतीभर चुना आखला. मनातले एक वाक्य मात्र ओठांची रेषा ओलांडून कधी बाहेर आले नाही. भक्ती मूक असली तरी देवाला कळते, अशी त्याची श्रद्धा. (देवाला कळतही असेल. नीलिमा क्रीडाशिक्षिका होती.)

"नीलिमा, एक काम होतं. मले ओवाळशील? मॅचपुरतं."

"मॅचपुरतं काऊन?"

इथे प्रफुलने क्षणभर थांबून नामस्मरण करायला हवे होते. तो घाईने म्हणाला, "मॅच संपली का कुंकू पुसून टाकीन ना!"

नीलिमाने गळ्यातली शिट्टी काढून मुठीत धरली. मग एवढेच म्हणाली, "आणीन ताट."

सामन्याची पंचही तीच. गळ्यात शिट्टी, हातात निरांजन, अशी ती मैदानात आली मात्र, मंडई समितीचे अध्यक्ष गुणवंतराव माइकवर गरजले, "आनंदाची बातमी! आपल्या प्रफुलचं नीलिमाबाईसंग जमलं!"

प्रफुलच्या आईने, इंदिराबाईंनी, या एका वाक्यासाठी गणपतीला अठरा वर्षे चतुर्थ्या धरल्या होत्या. त्यांनी शेजारच्या दुकानातली बुंदीची परातच उचलली आणि दिसेल त्याच्या मुठीत बुंदी कोंबू लागल्या. आपल्यापायी नीलिमाचे नाव गावभर बदनाम होणार, या धास्तीने प्रफुलने माइक हिसकावला. "असं काई नाई! खोटंखोटं हाये हे! माझं अन् नीलिमाचं काईच नाई!"

तोंडातली बुंदी गिळावी की परत करावी, या धर्मसंकटात गाव सापडले. वाऱ्यापासून ज्योत वाचवायला नीलिमाने आडवा धरलेला हात हळूच काढून घेतला. ज्योत विझली. तिने ताट डिंपलजवळ ठेवले.

"म्हंजे काका लग्नाचे नाईत," स्वप्निल ओरडला. "तिकडून बाद!"

"मंग तुम्ही घ्या!" गोविंदाने परतफेड केली.

"आमाले नाई पायजे!"

सकाळी स्वतःच आखलेल्या मध्यरेषेवर प्रफुल उभा राहिला, इकडचाही नाही नि तिकडचाही नाही.

"कोणत्या बाजूचा, ते खेळाडूनं सांगावं," नीलिमा पंचाच्या आवाजात म्हणाली. पण नजर घड्याळावरून वर उचलली नाही. "चढाईले असते तेवढाच वेळ. तीस सेकंद."

शिट्टी वाजली. आज हुकलो तर उद्या तलावाकाठी चुना आखायलाही कोणी बोलावणार नाही, हे प्रफुलला लख्ख कळले. अठ्ठाविसाव्या सेकंदाला त्याने डोळे मिटले (तोंड तर मिटलेलेच होते), पाय उचलला आणि तो विवाहितांच्या अंगणात जाऊन पडला. टाळ्या, शिट्ट्या, हलकल्लोळ!

त्यात एक शिट्टी पंचांची होती. "दम न घेता रेषा ओलांडली. एक गुण अविवाहितांना."

"अवं नीलिमा..."

"सात वर्षं हेच करून राह्यला तू. आंगणात येतोस, बसतोस, चहा पितोस, तोंडातून शब्द नाई. नियम काय हाये?"

"बोलत बोलत जायचं."

"मंग बोल!"

प्रफुल मागे फिरून पुन्हा मध्यरेषेवर आला. संकटात भक्ताने इष्टदेवतेला हाक मारावी तसा ऊर भरून त्याने श्वास घेतला आणि एका दमात सुटला, "नीलिमा नीलिमा नीलिमा नीलिमा..."

इंदिराबाईंनी परात पुन्हा उचलली. डिंपलने काडी ओढली. नीलिमाने त्याला कुंकू लावले, ओवाळले, डोळे पुसले, आणि शिट्टी फुंकली.

"'कबड्डी' सोडून भलताच शब्द. आणखी एक गुण अविवाहितांना."

विवाहित सामना हरले. बरोबर दोन गुणांनी. संघातले प्रफुलला सोडून निघून गेले, तेव्हा डिंपल त्याच्याजवळ येऊन बसली आणि उरलीसुरली बुंदी त्याच्या हातावर ठेवत मायेने म्हणाली, "काका, तुमच्यावर दोनच शिट्ट्या झाल्या ना? आमच्या घरी तिसरी वाजली का कान धरून उभं राहा लागते."

मैदान आवरायला सांगण्यासाठी तिकडे नीलिमाने शिट्टी ओठांना लावली. आणि इकडे प्रफुलचे दोन्ही हात, कोणी न सांगता, कानांकडे गेले. बुंदी सगळी खाली सांडली.