नत्थूजीचं माप

"रूपा, चढावर बैल लाड मागते, उतारावर दोरी मागते."

तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी नंदी ओढत निघालेल्या पोराला आईनं ओट्यावरून घातलेला हा सूर सरपंच रूपरावांच्या कानात चाळीस वर्षं होता. नेमका कामाच्या वेळी तो विसरला.

झालं असं. २००३ साली हिंगणीकडच्या त्या गावात कागद आला. ग्रामपंचायतीच्या कचेरीला अपंगांसाठी रॅम्प हवा. दसऱ्याच्या आत साहेब पाहायला येणार. कचेरीला पायऱ्या पाच, आणि गावात तीनचाकी सायकलवर फिरणारा माणूस एकच: नत्थूजी, रूपरावांचा बालमित्र. वीस वर्षं तो खिडकीखालून मान वर करून ग्रामसभेत भांडत आला होता.

"यंदा तू आत बसशीन," रूपरावांनी शब्द दिला. "खिडकीतून वाकून वाकून तुह्याशी भांडनं आता कंबरेले झेपत नाई."

गवंडी श्रावणनं कागद वाचून डोकं खाजवलं. "एक फूट चढाले बारा फूट लांबी? थे तं मारुतीच्या पारावर जाऊन टेकते. आपल्याले चाकंच चढवाची हाय ना?"

त्यानं रूपरावांचाच जुना नंदी आणवला, पायऱ्यांवर फळी टेकवली, दोरी ओढली. नंदी तुरुतुरु चढला. तेवढ्याच चढाचा रॅम्प झाला.

पण नंदीच्या पोटात लाकूड होतं, नत्थूजीच्या पोटात पोळ्याच्या पुरणपोळ्या. चौघांनी रेटत त्याला वर नेलं आणि टाळ्या वाजवायला चौघांनीही हात सोडले. सायकल उलटी सुटली, शेजारच्या शोभाबाईच्या कोंबड्या उधळत अंगण ओलांडून गेली आणि मारुतीच्या पाराला टेकली.

"पाहा," श्रावण म्हणाला, "कागद बरोबर होता."

मग मापं सुरू झाली. श्रावण चाकं मोजायला जाई, ग्रामसेविका जया नत्थूजीच्या हातांचा जोर पाहायला, रूपराव तर नुसतेच. चहा सगळ्यांना. महिन्याभरात अंगणातल्या कडुनिंबाला वळसा घालून, पारापर्यंत पोचणारा नवा रॅम्प उभा राहिला.

साहेब आले. नत्थूजी एकटा, गुणगुणत, हातानं चाक फिरवत वर चढला. साहेबांनी मान डोलावली. सायकल दाराशी आली आणि ठक्क करून अडली. दार अडीच फूट, सायकल तीन.



"तुले माहीत होतं?" रूपरावांनी हळूच विचारलं.

"सायकल आली तवाच. खिडकीखाली बसून दुसरं काय मोजावं मानसानं?"

"मंग बोलला काऊन नाई बे? महिनाभर तुह्या घरी खेटे घालून राह्यलो ना आमी."

नत्थूजी हँडलकडे पाहत राहिला. "म्हनूनच. घरवाली गेल्यापासून चुलीवर दुसरा कप चढलाच नोता. तुमी माप घ्याले येत गेले. दाराचं सांगतलं असतं, तं येनं बंद केलं असतं तुमी."

रूपरावांना आईचा सूर आता ऐकू आला. त्यांनी सायकलची पाठ घट्ट धरली.

"उद्याच दार फोडतो," ते पुटपुटले.

"उद्या कायले?" नत्थूजी म्हणाला. "पयले माप घ्याले येजो."