नोंदणीच्या कागदाला हार

"येऊ द्या ना तपासनी! आपला कागद असा टांगला हाय, का अधिकारीच हात जोडून जाईन!"

कंपाउंडर नत्थुजींनी वलगावच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी सात पेशंटांसमोर हे जाहीर केले. साल २००६. जिल्ह्यात बोगस डॉक्टरांविरुद्ध मोहीम निघाली होती. ज्याची नोंदणी सापडणार नाही, त्याच्या दवाखान्याला त्याच दिवशी सील!

डॉक्टर अब्दुल गफ्फार चांगले एमबीबीएस, पस्तीस वर्षांची प्रॅक्टिस. त्यांना काळजी नव्हती. नत्थुजींना तर मुळीच नव्हती. सातवी शिकलेल्या नत्थुजींच्या लेखी वैद्यक परिषदेचा तो कागद ही साधी चीज नव्हती. मुंबईहून आलेला, इंग्रजीतला, गोल शिक्क्याचा! त्याच्या जोरावर साहेब माणसाला सुई टोचतात आणि माणूस उलट त्यांनाच दुवा देतो! नत्थुजी रोज सकाळी त्याला कुंकू लावत. काचेवरून कुंकू घसरते म्हणून काचही त्यांनी कधीच काढून टाकली होती. शिवाय फ्रेमच्या कोपऱ्यात डॉक्टरांचा एकाहत्तर सालचा फोटो डकवला होता.

"नत्थुजी, कागद हाय तो, पीर नव्हे," असे डॉक्टरांनी पहिली दहा वर्षे सांगून पाहिले. मग सोडून दिले.

आज तर खास तपासणी. नत्थुजींनी फुलांचा मळा असलेल्या शकुनबाईकडून मनगटाएवढा झेंडूचा हार आणवला आणि उदबत्त्या एक नाही, पाच लावल्या.

साडेदहाला सरकारी जीप आली. त्या वर्षांत जीप दिसली की वलगावात लोक एवढेच विचारत, "कोनाच्या घरी?" कारण जीप यायची ती शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या चौकशीला. सातही पेशंट मुकाट उठून उभे राहिले. बायकांनी डोक्यावर पदर घेतले.

नव्या तालुका आरोग्य अधिकारी, करिश्मा मॅडम, आत आल्या. धूर, जाडजूड हार, हाराच्या आत दाट केसांचा तरुण, समोर माना खाली घातलेली माणसे! मॅडमनी दारातच चपला काढल्या.

"कधी गेले?" त्यांनी हळूच विचारले.

"कोन?"

"डॉक्टर गफ्फार."

"गेले?" नत्थुजी ओरडले. "हे काय, खुर्चीत बसून राहिले!"

मॅडमनी खुर्चीकडे पाहिले. तिथे चकचकीत टक्कल आणि पांढरी दाढी. त्यांचा आवाज बदलला. "अस्सं! म्हणजे वारलेल्या डॉक्टरांच्या नोंदणीवर तुम्ही दवाखाना चालवता?"

"मॅडम, तो मीच आहे," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा केस होते."

"नोंदणी क्रमांक?"

डॉक्टरांनी घडाघडा सांगितला. मॅडम कागदाकडे वळल्या. क्रमांकाच्या जागी कित्येक वर्षांच्या कुंकवाचे भजे झाले होते. मॅडमनी ते नखाने खरवडले. कुंकू निघाले, सोबत क्रमांकही निघाला! मागचा पुठ्ठा दिसू लागला.

"सील करा," मॅडम म्हणाल्या. सोबतच्या शिपायाने लाख आणि दोरा बाहेर काढला.

नत्थुजी आपल्या कुंकवाच्या बोटाकडे पाहत राहिले. पस्तीस वर्षांचा दवाखाना आपल्या बोटाने पुसला!

"थांबा बाई!" हार द्यायला येऊन थांबलेली शकुनबाई पुढे झाली. "कागदच पायजे ना तुमाले? आनतो मी!"

ती गेली आणि पाऊण तासात सारी गल्ली घेऊन परतली. कोणाच्या हातात पत्र्याचा डबा, कोणाच्या हातात सातबाऱ्याची पिशवी. डब्यांतून डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या निघाल्या. वलगावात समजूतच होती, ज्या चिठ्ठीने ताप उतरला ती फाडली तर ताप परत येतो. म्हणून पस्तीस वर्षांत कोणी एकही चिठ्ठी फाडली नव्हती!

टेबल भरले, बाक भरला, तपासणीचा पलंग भरला. चौऱ्याहत्तरचा हिवताप. एक्याऐंशीची अडलेली बाळंतीण.

"हे पाहा, त्र्याण्णवची!" शकुनबाई म्हणाली. "सर्प चावला होता मले. जित्ती हाय ना मी? मंग डॉक्टर खोटा कसा होईन?"

प्रत्येक चिठ्ठीवर तोच शिक्का, तोच क्रमांक, आणि शाईत बुडालेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखी तीच सही. मॅडमनी डॉक्टरांना कोऱ्या कागदावर सही करायला लावली. तीच मुंगी, त्याच वाटेने गेली!

मॅडम एकेक चिठ्ठी उचलत होत्या आणि दुमडू नये अशी बेताने खाली ठेवत होत्या. शेवटी त्यांनी डॉक्टरांना हात जोडले. "सर, माझ्या नोंदणीला तीन वर्षं झालीत फक्त."

"म्हनलं नव्हतं? हात जोडून जाईन!" नत्थुजींना पुन्हा कंठ फुटला.

"फक्त एकच," मॅडम म्हणाल्या. "दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. त्याचं पत्र मार्चमध्ये आलं असेल."

"पत्र? मले तर नाही मिळालं," डॉक्टर म्हणाले.

नत्थुजींची नजर हळूहळू औषधांच्या खोलीकडे गेली. मग सगळ्यांची गेली. तिथे दुसरी फ्रेम होती. हार थोडा बारीक होता, एवढेच.

"गोल शिक्का होता साहेब," नत्थुजी पुटपुटले.

मॅडमनी तीस दिवसांची मुदत दिली. 'सदर डॉक्टर हयात असून समक्ष हजर आढळले' असे लिहून खाली निळा, ओला, गोल शिक्का उमटवला. नत्थुजी त्याच्याकडे डोळे भरून पाहत होते. पाहता पाहता त्यांचा हात ड्रॉवरमध्ये गेला.

"नत्थुजी," डॉक्टर म्हणाले, "खिळा खाली ठेवा."